जुन्या जगनकाशांच्या प्रतिकृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, प्रदर्शनात, कधी तयार फ्रेम न्यायला आल्यावर दारात उभ्या उभ्या विचारले गेलेले हे प्रश्न. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. नकाशा आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, पैसे देण्याआधी हे पान एकदा वाचावं, एवढीच विनंती.

प्रतिकृती म्हणजे मूळ नकाशाची झेरॉक्सच ना?

नाही. ग्रंथालयात किंवा संग्रहालयात जपलेल्या मूळ नकाशाचा बारीकसारीक रेघ टिपणारा स्कॅन घ्यायचा, त्याचे रंग मूळ कागदाशी जुळवायचे आणि तो टिकाऊ शाईने चांगल्या कागदावर छापायचा, याला आम्ही प्रतिकृती म्हणतो. मूळ नकाशावरची मधली घडी, कडेला पडलेला डाग, रंगाऱ्याचा कुंचला रेघेबाहेर गेलेली जागा, हे सगळं तिच्यात राहतं.

बाजारात मात्र या एकाच नावाखाली तीन गोष्टी विकल्या जातात. एक, वर सांगितली ती. दुसरी, डाग आणि घड्या संगणकावर पुसून साफ केलेली आवृत्ती. ती वाईट नसते, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. तिसरी म्हणजे आज संगणकावर काढलेला, तपकिरी रंग आणि कोपऱ्यात होकायंत्र टाकलेला 'जुन्या धाटणीचा' नकाशा. ही प्रतिकृती नव्हे, कारण तिचा मूळ नकाशाच अस्तित्वात नाही.

म्हणून विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : नकाशा कुणी केला, कोणत्या वर्षी, आणि हा स्कॅन कोणत्या ग्रंथालयातल्या प्रतीचा आहे. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर तुम्ही नक्षीचा कागद घेताय, नकाशा नव्हे.

हा तिसरा प्रकार लांबून ओळखता येतो का?

बऱ्याचदा येतो. खाली अंटार्क्टिकाकडे बघा. तो खंड माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडला १८२० मध्ये. 'इ.स. १६२६' असं लिहिलेल्या नकाशावर अंटार्क्टिका आजच्यासारखा नीट कापलेला दिसला, की पुढे बघायची गरज नाही. मग ऑस्ट्रेलिया बघा. त्याचा पूर्व किनारा जेम्स कुकने १७७० मध्ये आखला. त्याआधीच्या नकाशांवर ती बाजू मोकळी असते किंवा अंदाजाने ओढलेली असते.

तिसरी खूण म्हणजे समुद्रात इंग्रजीत लिहिलेलं 'हिअर बी ड्रॅगन्स'. जुने नकाशाकार अनोळखी प्रदेशावर असं लिहायचे, ही समजूत फार पसरली आहे. प्रत्यक्षात हे शब्द लॅटिनमध्ये, 'हिक सुंत द्राकोनेस' असे सापडतात ते १५१० च्या सुमाराच्या तांब्याच्या एका छोट्या पृथ्वीगोलावर. हंट-लेनॉक्स नावाने ओळखला जाणारा हा गोल न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे, आणि शब्द आहेत आग्नेय आशियाच्या किनाऱ्याजवळ. छापील जगनकाशावर ते दिसले तर ते हल्लीच कुणीतरी टाकलेले आहेत.

पहिलाच नकाशा घ्यायचा आहे. कोणता सुचवाल?

घरी येणारा माणूस त्याच्यासमोर किती वेळ उभा राहावा असं तुम्हाला वाटतं, त्यावर ठरवा.

दोन मिनिटं असतील, तर अब्राहम ऑर्टेलियसचा 'टिपुस ऑर्बिस टेर्रारुम'. अँटवर्पमध्ये २० मे १५७० रोजी त्याचं 'थिआट्रुम' प्रसिद्ध झालं. एका मापाचे, एका पद्धतीने कोरलेले नकाशे एकत्र बांधलेलं ते पहिलं पुस्तक, म्हणजे आजच्या अर्थाने पहिला ॲटलास. त्यातला हा जगाचा नकाशा. लंबगोल पृथ्वी, भोवती ढग, आणि खाली सिसेरोचं एक वाक्य : ज्याला अनंत काळ आणि सगळ्या विश्वाचा विस्तार ठाऊक आहे, त्याला माणसांच्या व्यवहारात मोठं असं काय वाटणार? नकाशावर हे वाक्य छापावंसं वाटणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

हा नकाशा घेताना एक बारकावा लक्षात ठेवा. हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. पत्रा झिजला किंवा तडकला की नवा कोरावा लागे, म्हणून ऑर्टेलियसच्या जगनकाशाचे एकूण तीन पत्रे झाले. पहिल्यावर दक्षिण अमेरिकेच्या नैर्ऋत्येला मोठा फुगवटा आहे. १५८७ च्या पत्र्यावर तो गेलेला आहे आणि ढगांच्या जागी नक्षीदार चौकट आली आहे. फुगवटा नसलेल्या नकाशाखाली '१५७०' असं छापून विकणारे बरेच आहेत.

दहा मिनिटं असतील, तर सतराव्या शतकातला डच नकाशाकार विलेम ब्लाउ. त्याच्या जगनकाशाच्या चारी बाजूंना चित्रांची पट्टी आहे. डावीकडे चार महाभूतं, उजवीकडे चार ऋतू, खाली प्राचीन जगातली सात आश्चर्यं, आणि वर सात 'ग्रह' : चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. आपले सात वार ज्यांच्या नावाचे, तेच हे सात. नाव न सांगता मुलांना ते ओळखायला लावा, छान वेळ जातो.

हेन्रिकस होंडिअसचा १६३० चा दोन गोलार्धांचा नकाशा माझा स्वतःचा आवडता. त्याच्या चार कोपऱ्यांत चार चेहरे आहेत : जुलिअस सीझर, प्राचीन भूगोलकार टॉलेमी, नकाशाकार मर्केटर आणि योडोकस होंडिअस. हा शेवटचा म्हणजे हेन्रिकसचा बाप. बापाकडून पत्रे, हत्यारं आणि धंदा घेतलेल्या मुलाने त्याला टॉलेमीच्या पंगतीत बसवलंय.

सगळ्यात प्रसिद्ध नकाशा कोणता?

मार्टिन वाल्डझेम्युलरचा, १५०७ चा. 'अमेरिका' हे नाव पहिल्यांदा याच्यावर आलं. लाकडी ठोकळ्यांवर कोरून बारा कागदांवर छापलेला, जोडल्यावर साधारण १२८ बाय २३३ सेंटीमीटर, म्हणजे चार फुटांहून उंच आणि साडेसात फुटांहून रुंद. आज त्याची एकच प्रत शिल्लक आहे. जर्मनीतल्या वोल्फेग गढीत १९०१ मध्ये योसेफ फिशर या जेझुइट अभ्यासकाला ती सापडली, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती एक कोटी डॉलरला घेतली.

ही एकच प्रत का वाचली? कारण ती भिंतीवर लावलीच गेली नव्हती. योहान्स शोनर या नकाशाकाराने तिचे कागद सुटेच ठेवून पुस्तकात बांधून घेतले होते. भिंतीवरचे मोठे नकाशे कापडाला चिकटवत, वरून वार्निश लावत, खाली लाकडी दांडा ठोकत. धूर, ओल आणि ऊन खाऊन ते संपून गेले. भिंतीवर लावण्यासाठी केलेली वस्तू भिंतीपासून दूर राहिली म्हणून टिकली. प्रतिकृती असण्याचा फायदा नेमका इथे आहे : ती बिनधास्त भिंतीवर लावता येते.

नकाशा शोभेसाठी लावणं म्हणजे त्याचा अपमान नाही का?

हा प्रश्न एका भूगोलाच्या निवृत्त शिक्षकांनी विचारला होता, आणि तळमळीने विचारला होता. नाही. सतराव्या शतकात हॉलंडमधली घरं नकाशांनीच सजत. योहान्स व्हर्मिरच्या चित्रांमध्ये मागच्या भिंतींवर नकाशे आहेत, आणि 'चित्रकला' या चित्रातला नकाशा कुणाचा, हे आज सांगता येतं, इतक्या नेमकेपणाने त्याने तो रंगवलाय : व्हिस्खरचा, नेदरलँड्सच्या सतरा प्रांतांचा. ब्लाउच्या पट्टीतली ती चित्रं तरी आणखी कशासाठी होती? माणसांनी थांबून बघावं म्हणूनच ना. अपमान होतो तो नकाशा अर्धा कापून सोफ्याच्या मापात बसवला की. आम्ही कडा कापून देत नाही.

तुमचे नकाशे पुरेसे तपकिरी दिसत नाहीत. जुना कागद पिवळा नसतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोपी कागद चिंध्यांपासून होत असे : मुख्यतः लिननची जुनी कापडं कुजवून, कुटून, त्यांच्या लगद्यातून. हा कागद फार टिकाऊ. नीट ठेवलेला ब्लाउचा नकाशा आज हातात घेतला तर फिकट सायीच्या रंगाचा असतो. तपकिरी पडणारा, कडा कुरकुरीत होऊन तुटणारा कागद म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, आणि तो सर्रास वापरात आला एकोणिसाव्या शतकात. घरातली साठ वर्षांपूर्वीची मासिकं उघडून बघा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा नकाशा त्यांच्यापेक्षा उजळ असतो.

जुनं म्हणजे तपकिरी, ही समज सिनेमातल्या खजिन्याच्या नकाशांनी दिली. तिच्यापायी विक्रेते चांगल्या स्कॅनवर पिवळा थर चढवतात, आणि मग ब्लाउचा निळा समुद्र शेवाळी होतो, गुलाबी सीमा विटकरी होतात, बारीक अक्षरं पार्श्वभूमीत विरतात. हे बघून खरंच वाईट वाटतं. कुणीतरी महिनोन्महिने तांब्यावर उलट्या अक्षरांत हजारो नावं कोरली, ती वाचता येऊ नयेत अशी व्यवस्था आपण स्वतःहून का करायची?

घरी चहाच्या पाण्यात बुडवून जुना करू का?

नको. चहातली आम्लं कागदात राहतात आणि तो पुढे ठिसूळ होतो. शिवाय कागद सुकताना लाटा धरतो.

मूळ नकाशे रंगीत होते की काळे-पांढरे?

छापले जात काळ्या रेघांत. रंग नंतर हाताने भरत, आणि तेही गिऱ्हाईक जास्त पैसे देणार असेल तर. म्हणून एकाच पत्र्यावरून, एकाच वर्षी छापलेल्या दोन प्रती रंगाने अगदी वेगळ्या असू शकतात. 'ऑर्टेलियसचे खरे रंग कोणते' या प्रश्नाला त्यामुळे एक उत्तर नाही. आम्ही ज्या प्रतीचा स्कॅन वापरतो तिचे रंग तसेच ठेवतो, दोन प्रतींचं मिश्रण करत नाही.

हिरव्याचं मात्र वेगळं आहे. तांब्याच्या गंजापासून केलेला हिरवा रंग कागद खातो. काही जुन्या नकाशांत हिरवी सीमारेषा तपकिरी पडून कागदाच्या पाठीमागे उमटलेली दिसते, कधी तिथेच कागद चिरतो. स्कॅनमध्ये अशी रेघ दिसली तर तो छपाईतला दोष समजू नका.

जुन्या नकाशांत भारत इतका विचित्र का दिसतो?

नकाशाकार आपल्यापर्यंत आले नव्हते. त्यांच्यापर्यंत आपल्याबद्दलच्या वार्ता गेल्या होत्या, आणि त्या वार्तांचं वय वेगवेगळं होतं.

टॉलेमी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून लिहीत होता. त्याच्या आकड्यांवरून काढलेल्या नकाशात, उदाहरणार्थ १४८२ साली जर्मनीत उल्म इथे छापलेल्या आवृत्तीत, भारताचं टोकदार द्वीपकल्प जवळजवळ नाहीच. किनारा सपाट पूर्वेकडे जातो आणि त्याच्याखाली 'ताप्रोबाना', म्हणजे श्रीलंका, अवाढव्य पसरलेली आहे. हिंदी महासागराला दक्षिणेकडून जमिनीने वेढलंय, एखादं तळं असावं तसं. भोवती गाल फुगवून वारा सोडणारे चेहरे. सजावट म्हणून हा नकाशा अप्रतिम आहे, त्यातल्या गडद निळ्या समुद्रामुळे खोली भरून जाते.

आता याच्या शेजारी १५०२ चा कांतिनो नकाशा ठेवा. वीस वर्षांचं अंतर, आणि भारत एकदम ओळखीचा, खाली निमुळता होत गेलेला. मध्ये वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला होता. पोर्तुगाल ही माहिती दडवून ठेवत असे, म्हणून इटलीतल्या फेराराच्या ड्यूकचा हस्तक आल्बेर्तो कांतिनो याने बारा सोन्याची दुकातं मोजून लिस्बनमध्ये हा नकाशा गुपचूप करवून घेतला आणि इटलीत नेला. पुढे १८५९ च्या धामधुमीत मोदेनाच्या राजवाड्यातून तो गायब झाला आणि एका मांसविक्रेत्याच्या दुकानात सापडला. आज तो मोदेनाच्याच एस्तेन्से ग्रंथालयात आहे.

जोडीने लावायचे असतील तर हे दोन लावा. आमच्याकडून गेलेल्या जोड्यांमध्ये याच जोडीबद्दल लोक नंतर फोन करून बोलतात.

महाराष्ट्र किंवा गोवा कुठे दिसतो का?

दिसतो, पण जगनकाशावर शोधू नका. त्या मापात किनाऱ्यावरची दोन-चार नावंच मावतात. टॉलेमीच्या पुस्तकात आशियाचे वेगळे नकाशे आहेत, त्यांपैकी दहावा, 'गंगेच्या अलीकडचा भारत', मागवा. टॉलेमीच्या यादीतलं 'बैथाना' म्हणजे आपलं पैठण, 'सुप्पारा' म्हणजे सोपारा, 'तगारा' म्हणजे धाराशिवजवळचं तेर, आणि 'सिमिल्ला' म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते चौल. पैठणला राज्य करणाऱ्या राजाचं जे नाव टॉलेमी देतो, ते म्हणजे सातवाहन पुळुमावी. नावं लॅटिनमध्ये, जागा बऱ्याच हललेल्या, पण सातवाहनांच्या काळातल्या बाजारपेठा अलेक्झांड्रियातल्या एका माणसाच्या वहीत नोंदलेल्या होत्या, याचा तो पुरावा भिंतीवर राहतो.

गोव्याचं नातं आणखी थेट आहे. यान हाउखन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून आला आणि पाचेक वर्षं तिथे राहिला. पोर्तुगिजांचे सागरी मार्ग, बंदरं, बाजार यांची माहिती त्याने जमवली, आणि १५९६ मध्ये आम्सटरडॅममध्ये ती छापली. त्यात गोवा शहराचा मोठा नकाशा आहे, रस्त्यांसकट. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरची गोवा, चौल, दाभोळ ही नावं त्या काळच्या नकाशांत ठळकपणे येतात. मुंबई शोधणाऱ्यांची निराशा होते. तेव्हा मोठं बंदर चौल होतं.

आपल्या गावाचं नाव नकाशावर 'टाकून द्याल का' असंही विचारतात. नाही. हवं तर खाली माउंटवर, म्हणजे काच आणि कागद यांच्यामधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, वेगळी पट्टी लावून देतो.

नकाशावर कॅलिफोर्निया बेट दाखवलंय. छपाईची चूक आहे का?

चूक आहे, पण सतराव्या शतकातली. शंभरहून अधिक वर्षं युरोपातले चांगले चांगले नकाशाकार कॅलिफोर्नियाला बेट मानत, होंडिअसचा १६३० चा नकाशाही त्यात आला. शेवटी १७४७ मध्ये स्पेनच्या राजाला फर्मान काढून सांगावं लागलं की कॅलिफोर्निया बेट नाही. तसंच तळाला पसरलेलं 'टेर्रा ऑस्ट्रालिस', दक्षिणेची अजून अज्ञात भूमी. उत्तरेकडच्या जमिनीचा तोल राखायला दक्षिणेतही तेवढीच जमीन असणार, हा त्यामागचा तर्क. कुकच्या १७७२ ते १७७५ च्या सफरीने तो निकालात काढला.

या चुका आम्ही दुरुस्त करत नाही. त्या काढल्या तर नकाशात उरेल काय?

नकाशा उलटा छापलाय. दक्षिण वर आहे!

तो फ्रा माउरोचा असणार, १४५० च्या सुमाराचा, व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयातला, किंवा अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराचा, ११५४ चा, सिसिलीचा राजा रॉजर याच्यासाठी केलेला. दोन्हींत दक्षिण वर आहे. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या मोठ्या चर्चमधल्या नकाशात पूर्व वर आहे. उत्तर वर असण्याचा नियम कुणी आकाशातून आणलेला नाही. कृपया तो उलटा टांगू नका, अक्षरं डोक्यावर उभी राहतील.

अल्-इद्रिसीबद्दल एक सूचना. बाजारात त्याच्या नावाने मिळणारा रोमन अक्षरांतला अखंड मोठा नकाशा हा कोनराड मिलर या जर्मन अभ्यासकाने सुटी पानं जोडून १९२८ मध्ये केलेली मांडणी आहे. सुंदर आहे, जरूर घ्या, फक्त बाराव्या शतकातला कागद समजून घेऊ नका.

माझी भिंत दहा फुटांची आहे. ऑर्टेलियस त्या मापात होईल?

होईल, पण करू नये. त्याचा मूळ नकाशा साधारण ३४ बाय ४९ सेंटीमीटर, टेबलावर ठेवून वाकून बघायचा. दुप्पट मोठा केला तरी छान दिसतो, नावं वाचायला सोपी जातात. सहापट केला की केसासारखी रेघ दोरीसारखी होते आणि कोरीव कामाचं सौंदर्य जातं. मोठ्या भिंतीसाठी मुळातच मोठे असलेले नकाशे घ्या : वाल्डझेम्युलर, किंवा १५६९ चा मर्केटर. तो अठरा कागदांचा, सुमारे दोन मीटर रुंद आहे. खलाशांना एकाच दिशेने जाण्याचा मार्ग सरळ रेषेत आखता यावा म्हणून त्याने ही मांडणी शोधली, आणि त्या बदल्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. ऊर्बानो मोन्ते या मिलानच्या माणसाचा १५८७ चा नकाशाही आहे, साठ हस्तलिखित पानांचा. ती पानं संगणकावर जोडून अखंड नकाशा झाला तो २०१७ मध्ये.

कागद की कॅनव्हास?

कागद. कॅनव्हासच्या विणीत बारीक अक्षरं तुटतात. आम्ही ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) आसपासचा, आम्लविरहित, सुती धाग्याचा मॅट कागद आणि पिगमेंट शाई वापरतो. चकचकीत फोटो पेपरवर जुना नकाशा कॅलेंडरसारखा दिसतो.

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून फाइल घेऊन मी स्वतः छापली तर?

जरूर छापा, आम्हाला आनंदच आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गालिका, स्टॅनफर्डमधला डेव्हिड रमझी संग्रह, इथे उत्तम स्कॅन आहेत. २४ बाय ३६ इंचाची उत्तम छपाई हवी तर फाइल ७,२०० बाय १०,८०० पिक्सेलच्या आसपास असावी. निम्म्या मापावरही लांबून बरं दिसतं, पण नकाशा लांबून बघायचा नसतोच. शोधयंत्रात दिसणारं चित्र थेट उतरवून छापू नका. लोक ती फाइल आमच्याकडे आणतात आणि अक्षरांच्या जागी ठिपके आलेले बघून हिरमुसतात.

हक्कांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर कुणाचाच नाही. स्कॅन देणाऱ्या संस्थेच्या मात्र स्वतःच्या अटी असतात. घरात लावायला सहसा अडचण नसते. विकायचं असेल तर त्या अटी आधी वाचा.

एकाने मला 'ओरिजिनल' म्हणून नकाशा विकलाय. खरा कसा ओळखू?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रेघेच्या आत रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ती ऑफसेट छपाई, विसाव्या शतकातली. तुषारासारखे विखुरलेले ठिपके दिसले तर इंकजेट. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली रेघ सलग, काळीभोर असते, टोकाला निमुळती होते, आणि बोटाला किंचित उठावदार लागते. पत्रा कागदात दाबला गेल्याने नकाशाभोवती आयताकृती खोलगट कडा उमटते. कागद उजेडासमोर धरा : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या कागदात जाळीच्या समांतर रेषा दिसतात. ॲटलासमधून निघालेल्या नकाशाला मध्ये घडी असते आणि पाठीवर बहुधा मजकूर.

एकाच खुणेवर जाऊ नका. खोलगट कडा मुद्दाम दाबूनही आणता येते. आमच्या प्रत्येक नकाशाच्या पाठीवर 'प्रतिकृती' हा शब्द आणि छपाईचं वर्ष असतं, ते याच कारणासाठी : पन्नास वर्षांनी हा कागद कुणाच्याही हाती पडला तरी त्याला फसवलं जाऊ नये.

फ्रेम करताना काय सांगायचं?

फ्रेमवाल्याला चार गोष्टी सांगा. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंट किंवा पट्टी हवी. माउंट आम्लविरहित हवा. पाठीमागच्या हार्डबोर्डला कागद थेट लागू नये. आणि चिकटपट्टी नाही, गोंद नाही : वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या, बस्स.

काही जण अख्खा नकाशा फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवून देतात, 'साहेब, कधी फुगणार नाही' म्हणून. लॅमिनेशनही सुचवतात. दोन्ही एकदा केलं की परत फिरता येत नाही. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत एक नकाशा माउंटशिवाय काचेला टेकवून फ्रेम झाला. एका पावसाळ्यात तो काचेला असा चिकटला, की सोडवताना अर्धा हिंदी महासागर काचेवर राहिला. तेव्हापासून माउंटशिवाय फ्रेम आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

मुंबई आणि कोकणासाठी हाच खरा प्रश्न. बाहेरची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळा, आतली निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. ओलीमुळे बुरशी येते, आणि खळ, कागद दिसला की कसर. गणपतीनंतर एकदा फ्रेम उतरवून पाठ तपासा, कोरड्या फडक्याने पुसा. बुरशीचे ठिपके दिसले तर फ्रेम उघडून कागद सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवू नका, आणि ओल्या कपड्याने तर मुळीच पुसू नका.

ऊनही टाळा. पिगमेंट शाई साध्या शाईपेक्षा पुष्कळ टिकते, पण पश्चिमेच्या खिडकीसमोर रोज तीन तास ऊन पडलं तर कोणताच रंग टिकत नाही.

परदेशातल्या मुलीला भेट पाठवता येईल?

प्रतिकृती पाठवता येते. बिलावर आणि पाकिटावर 'नवी छपाई, प्रतिकृती' असं स्पष्ट लिहून घ्या. कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली जुन्या ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्रांना त्यासाठी ७५ वर्षांचं वय पुरतं. आपला नकाशा जुना *दिसतो*, म्हणून हा कागद जवळ असलेला बरा. फ्रेम इथून पाठवू नका, नळीत गुंडाळलेला कागद पाठवा. नळी तीन इंचांपेक्षा अरुंद नको, नाहीतर कागद पुन्हा सपाट व्हायला आठवडे घेतो.

किती उंचीवर लावायचा?

नकाशाचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, जमिनीपासून साधारण पाच फूट. घरात लहान मुलं असतील तर हातभर खाली घ्या, आणि शेजारी खिळ्याला दोरी बांधून एक भिंग टांगून ठेवा.